बिबट्या-दर्शनशास्त्र

जंगलातला मोकळा बिबट्या स्वतःच्या मर्जीने आणि माणसाच्या खर्चाने माणसाला दिसणे, या घटनेला बिबट्या-दर्शन म्हणतात. ती घडून येण्यासाठी एक उघडी जिप्सी, एक चालक, एक गाईड, सहा प्रवासी आणि किमान एक बिबट्या एवढी सामग्री लागते. यांपैकी शेवटचा घटक वगळता बाकी सगळे उजाडण्यापूर्वी गेटवर हजर असतात. शेवटच्या घटकावर वेळेचे बंधन नाही, कारण बुकिंग त्याच्या नावाने झालेले नसते.

नुसती संख्या पाहिली तर बिबट्या दिसणे ही फार मोठी गोष्ट वाटू नये. २०२२ सालच्या गणनेचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशातील बिबट्यांची संख्या अंदाजे १३,८७४ दिली आहे. सर्वाधिक, म्हणजे ३,९०७, मध्य प्रदेशात आणि त्याखालोखाल १,९८५ महाराष्ट्रात. त्याच सुमाराच्या व्याघ्रगणनेत वाघ निघाले ३,६८२. म्हणजे वाघांच्या जवळजवळ पावणेचार पट बिबटे देशात आहेत. तरीही ताडोबाहून परतलेल्या कुटुंबाच्या कॅमेऱ्यात वाघ भरपूर असतो आणि बिबट्या हा बहुधा पुढच्या जिप्सीने पाहिलेला असतो.

या विसंगतीचा उलगडा त्याच अहवालातील दुसऱ्या आकड्यांवरून होतो. गणनेसाठी ३२,८०३ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्यांनी चार कोटी सत्तर लाखांहून अधिक फोटो टिपले आणि त्यांत बिबट्याचे निघाले ८५,४८८. साधारण साडेपाचशे फोटोंमागे एक बिबट्या, असा हिशेब पडतो. हे कॅमेरे रात्रंदिवस जागे होते, बोलत नव्हते, डबा उघडत नव्हते आणि ‘अजून किती वेळ?’ असे विचारत नव्हते. हे ध्यानात घेता तीन-चार तासांच्या फेरीत निराश होण्याचे कारण नाही. सर्वसाधारण पर्यटकाच्या कॅमेऱ्यातले प्रमाणही याच्या आसपासच भरते. फरक इतकाच, की उरलेल्या पाचशे एकोणपन्नास फोटोंत हलणारे गवत, पुढच्या जिप्सीची नंबरप्लेट आणि मेव्हण्याचा कान असतो.

पूर्ण वाढ झालेला नर बिबट्या सर्वसाधारणपणे ५० ते ७५ किलो वजनाचा असतो. मादी त्याहून बरीच हलकी. म्हणजे जिप्सीच्या मधल्या बाकावर बसलेल्या गृहस्थांपेक्षा तो अनेकदा सडपातळ निघतो. एवढ्या भांडवलावर तो उभ्या झाडावर चढतो, स्वतःच्या वजनाएवढी शिकार फांदीवर नेऊन ठेवतो आणि ससा, मोर, वानर, रानडुक्कर, साळिंदर, शेळी, कुत्रा यांपैकी जे हाती लागेल त्यावर गुजराण करतो. त्याच्या अंगावरील ठिपके फुलांच्या आकाराचे असून प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी असते. इतकेच काय, एकाच बिबट्याची डावी कूस उजवीसारखी नसते. अभ्यासक या नक्षीवरून एकेका बिबट्याला ओळखतात. पर्यटकाला हे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या वाट्याला सहसा मागची बाजू येते.

बिबट्या इतका दडून का राहतो, याचे श्रेय माणूस स्वतःकडे घेऊ पाहतो. प्रत्यक्षात व्याघ्र प्रकल्पात हे श्रेय बरेचसे वाघाकडे जाते. वाघ बिबट्याची शिकार हिसकावतो आणि सापडल्यास बिबट्यालाही सोडत नाही. म्हणून वाघाच्या जंगलात बिबट्या कडेकडेने राहतो, उंच जागा धरतो आणि हिंडण्याफिरण्याची कामे रात्रीवर ढकलतो. यावरून दर्शनशास्त्राचा पहिला नियम निघतो : बिबट्या पाहायचा असेल तर जिथे वाघ नाही तिथे जावे. हा नियम ठाऊक नसल्यामुळे असंख्य मंडळी वाघाच्या जंगलात जाऊन बिबट्या दिसला नाही म्हणून हळहळतात आणि वाघ दिसल्याची नोंद ‘तोही दिसला’ अशी करतात.

नियमाचे उत्तम उदाहरण जयपूरजवळचे झालाना. ‘जवळचे’ हा शब्दही इथे लांबचा ठरतो, कारण हे सुमारे वीस चौरस किलोमीटरचे रान शहराला चिकटूनच आहे. अरवलीच्या टेकड्या, धोकाची झाडी, भरून ठेवलेले पाणवठे आणि राजघराण्याची शिकारीसाठी बांधलेली जुनी इमारत, असा सगळा मामला. वाघ नसल्यामुळे इथले मुखत्यारपत्र बिबट्याकडे आहे. तो दिवसाढवळ्या वाटेवरून चालतो, पाणवठ्यावर येतो, प्रसंगी जुन्या इमारतीच्या कठड्यावर बसतो. गेटपर्यंत रिक्षाने जाता येते, त्यामुळे पर्यटकाला अरण्यात शिरल्याचा भाव चेहऱ्यावर आणायला पुरेसा वेळ मिळत नाही. टेकडीवरून एका अंगाला बिबट्या आणि दुसऱ्या अंगाला बहुमजली इमारती दिसतात. त्या इमारतींच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे फोटोत येऊ नयेत यासाठी छायाचित्रकारांना बरीच कसरत करावी लागते.

दुसरे उदाहरण राजस्थानातल्याच पाली जिल्ह्यातले जवाई. इथे जंगल म्हणावे असे फारसे काही नाही. धरण, शेते, काटेरी झुडपे आणि मधूनच उठलेल्या ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या आहेत. या टेकड्यांच्या कपारींत बिबटे राहतात. खालच्या माळावर लाल पागोटे बांधलेले रबारी आपली जनावरे चारतात. टेकडीवर देऊळ असते, देवळाच्या पायऱ्यांवर कधी पुजारी असतो तर कधी बिबट्या, आणि दोघेही एकमेकांच्या वेळा सांभाळतात. झाडी नसल्यामुळे बिबट्याला दडायला अडचण यायला हवी होती. पण त्याचा रंग आणि खडकाचा रंग यांत निसर्गाने फरक ठेवलेला नाही. त्यामुळे जवाईत बिबट्या समोर बसलेला असतो आणि सहाही प्रवासी खडकाचे कौतुक करत असतात.

कर्नाटकातील काबिनीची ख्याती काळ्या बिबट्यासाठी आहे. हा वेगळा प्राणी नव्हे. अंगात काळ्या रंगद्रव्याचे प्रमाण अतोनात वाढलेला तो नेहमीचाच बिबट्या, आणि तिरप्या उन्हात त्याच्या काळ्या अंगावरची फुलेही दिसतात. ताडोबातही असा काळा बिबट्या २०१८ मध्ये पर्यटकांना दिसला होता. मात्र काळ्याच्या ओढीने आलेले पर्यटक पिवळ्या बिबट्याकडे ‘बरं, असू दे’ अशा नजरेने पाहतात. पिवळ्या बिबट्यावर याचा परिणाम झाल्याचे आढळलेले नाही.

ठिकाण ठरले की पूर्वतयारी सुरू होते. बुकिंग ऑनलाइन करावे लागते, त्यात प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, आणि गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. बिबट्याच्या दारात माणसाला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते, हा या खेळाचा पहिला धडा होय. पोशाखाचा नियम असा, की रंग मातीशी किंवा पाचोळ्याशी मिळताजुळता असावा. त्यानुसार काका मंडळी खाकी टोपी, खाकी जाकीट आणि अनेक खिशांची विजार विकत घेतात. त्या खिशांत पुढे काय ठेवावे हे शेवटपर्यंत सुचत नाही. परंतु हिवाळ्यात पहाटेच्या उघड्या जिप्सीत राजस्थानी थंडी अशी झोंबते, की पहिल्या दहा मिनिटांतच खाकीवर आत्याची जांभळी शाल आणि पोपटी माकडटोपी चढते आणि पाचोळ्याशी साधलेले सगळे संधान मोडते.

खाद्यपदार्थांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जंगलात खाणे आणि कचरा टाकणे वर्ज्य असते. पण मराठी कुटुंब डब्याशिवाय प्रवास करत नाही, आणि जवळ असलेला डबा उघडल्याशिवाय परतत नाही. आवाजाच्या कसोटीवर पाहता चिवडा हा अरण्यास सर्वांत अयोग्य पदार्थ ठरतो. पिशवी सोडणे, मुठीत घेणे आणि चावणे या तिन्ही टप्प्यांवर तो बोलतो. बाकरवडी त्याच्या खालोखाल. बेसनाचा लाडू मात्र संपूर्णपणे निःशब्द असून खाणाऱ्यालाही काही काळ निःशब्द करतो. केवळ संवर्धनाच्या दृष्टीने पाहिल्यास जिप्सीत त्यालाच परवानगी असावी.

जिप्सीतील प्रवाशांचे स्थूलमानाने काही प्रकार पडतात. पहिला लेन्सधारी. त्याच्या लेन्सची लांबी त्याच्या आसनाहून अधिक असते आणि ती ठेवायला शेजाऱ्याचा खांदा लागतो. दुसरा अनुभवी. त्याला आजवर जे काही दिसले ते सगळे अन्य जंगलांत दिसलेले असते आणि समोरच्या जंगलाची त्या जंगलांशी सतत तुलना चालू असते. नागपूरकडचा अनुभवी असेल तर तो बिबट्या पाहायला नव्हे, तर वाघाविना लोक कसे भागवतात ते पाहायला आलेला असतो. तिसरा शिस्तप्रमुख. जंगलात शांतता पाळावी, ही सूचना तो दर पाच मिनिटांनी देतो आणि ती तीन जिप्सींपलीकडे ऐकू जाते. चौथा शंकानिरसक. समोर येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला तो आधी चित्ता ठरवतो. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२२ पासून तो आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडलेला आहे. त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते आणि अंगावर भरीव ठिपके असतात, असे सांगितल्यावर चौथा प्रवासी ‘तेच म्हणतोय मी’ असे म्हणतो. पाचवी व्यक्ती झोपते. सहावे एक लहान मूल असते. बिबट्या सर्वांत आधी त्याला दिसतो, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या सर्वांचा भार गाईडवर असतो. गाईड जवळपासच्या गावातलाच असतो. या टेकड्यांवर तो लहानपणापासून हिंडलेला असतो आणि धुळीतल्या ठशावरून नर की मादी, ताजा की शिळा, हे चालत्या गाडीतून सांगतो. त्याच्या ज्ञानाबद्दल वाद नाही. त्याच्या बोलण्यात मात्र वर्तमानकाळ सापडत नाही. झालानात तो सांगतो, ‘साब, अभी दस मिनट पहले यहीं बैठा था.’ ताडोबात तो सांगतो, ‘काल संध्याकाळी इथंच होता जी, दोन पिल्लांसंगं.’ उरलेली वाक्ये भविष्यकाळातली असतात. या दोन काळांच्या मधल्या फटीत पर्यटक आपले शुल्क भरून बसलेला असतो.

बिबट्याचा माग प्रामुख्याने कानांनी काढतात. त्याला पाहून इतर प्राणी धोक्याची सूचना देतात. तिला जंगलातल्या बोलीत ‘कॉल’ म्हणतात. वानर उंचावरून पाहते, म्हणून त्याची खबर लवकर येते. शिवाय बिबट्या सरकेल तसे तेही त्याच्याकडे तोंड करून ओरडत राहते, त्यामुळे दिशा कळते. भेकर भुंकते. मोर ओरडतो. टकाचोर आणि सातभाई कलकलाट करतात. चितळ भित्रे असल्यामुळे त्याच्या कॉलवर लगेच भिस्त ठेवत नाहीत. पान पडल्यावरही ते घाबरू शकते. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. त्याचा खणखणीत कॉल आला, की गाईड हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो आणि सगळे श्वास रोखतात. नेमक्या या क्षणी मागच्या बाकावरून ‘काय झालं?’ असा प्रश्न येतो. त्याला उत्तर देण्यात, ‘शांत बसा’ असे सांगण्यात आणि त्यावर ‘मी कुठे काय बोलले?’ हा खुलासा ऐकण्यात सांबराचा दुसरा कॉल निघून जातो. वानरांनी या सगळ्या आवाजाला कोणत्या धोक्याची सूचना मानावे, हे अजून ठरलेले नसावे.

प्रत्यक्ष दर्शनाच्या तीन पायऱ्या मानता येतात. पंढरपुरात ज्याप्रमाणे पदस्पर्श, मुखदर्शन आणि नुसते कळसदर्शन अशी भक्तांच्या सवडीप्रमाणे व्यवस्था आहे, त्याप्रमाणे इथेही आहे. धुळीत उमटलेला पंजा पाहणे, हे पदस्पर्श. हे बहुतेकांना लाभते आणि गाईड ते आग्रहाने घडवतो. ठशाशेजारी कोणी ना कोणी आपला हात धरून फोटो काढू पाहतो, पण खाली उतरायला मनाई असल्यामुळे हात आणि पंजा यांच्यात चार फुटांचे अंतर राहते. गवतातून वर आलेली कानाची टोके, फांदीवरून लोंबणारे शेपूट किंवा झुडपात नाहीसा होणारा पार्श्वभाग दिसणे, हे कळसदर्शन. यावर समाधान मानणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. बिबट्या वाटेवरून सरळ समोर चालत येणे, हे मुखदर्शन. छायाचित्रकार याला ‘हेड-ऑन’ म्हणतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षे वाऱ्या करतात. मुखदर्शन झाल्यावर लेन्सधाऱ्याच्या असे ध्यानात येते, की बिबट्या फार जवळ आला असून या लेन्समध्ये आता त्याचे केवळ नाक मावते.

तथापि दर्शनातला खरा कसोटीचा क्षण बिबट्या दिसण्याचा नसतो, तर ‘दिसला का?’ या प्रश्नाचा असतो. गाईड बोट दाखवून सांगतो, ‘वो बड़ा पत्थर, उसके पीछे छोटा पत्थर, उसके बाईं तरफ झाड़ी, और झाड़ी के नीचे जो अंधेरा है, उसमें.’ समोर शेकडो मोठे दगड, हजारो छोटे दगड आणि भरपूर अंधार असतो. पहिला प्रवासी ‘हां, हां’ म्हणतो. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला ‘कुठे?’ असे विचारण्याची मुभा असते. चौथ्याने विचारले तर सुस्कारे ऐकू येतात. पाचव्याने विचारले, की आधीच्या चौघांची बोटे एकदम उठतात, चार वेगवेगळ्या दिशांना. तेव्हा पाचवा चटकन ‘अच्छा, तो होय!’ म्हणून मोकळा होतो आणि लगोलग सहाव्याला दाखवू लागतो. ज्याने स्वतः पाहिलेला नाही अशा माणसाने दाखवलेला बिबट्या सर्वांत तपशीलवार असतो. त्याच्या मिशासुद्धा सांगितल्या जातात.

कधी कधी तो खरोखरच दगड असतो. त्यावर एखादा होला येऊन निवांत बसला, की ही गोष्ट उघडकीस येते. पण तोवर दगडाचे चाळीसेक फोटो निघालेले असतात आणि निदान एकाने त्याचे शेपूट हलताना पाहिलेले असते.

खरा बिबट्या असेल तर दुर्बीण फिरू लागते. गाडीत एकच दुर्बीण असते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांचा नंबर वेगळा असतो. पहिला ती आपल्या डोळ्यांना जुळवतो, दुसरा पुन्हा आपल्या डोळ्यांना जुळवतो. जुळणी पूर्ण होऊन झुडूप स्वच्छ दिसू लागते, तोवर बिबट्याने ते सोडलेले असते. कॅमेऱ्यांची तऱ्हा निराळी. हल्लीचे कॅमेरे आपोआप फोकस धरतात, पण बिबट्या आणि कॅमेरा यांच्यामध्ये गवताची काडी असली तर कॅमेऱ्याला काडीच अधिक महत्त्वाची वाटते. त्यामुळे अत्यंत रेखीव काडी आणि तिच्यामागे पिवळसर धुके, अशी चित्रे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. बिबट्या दिवसाचा बराच काळ पडून काढतो. उठताना तो जांभई देतो. तेवढ्यात साधलेला फोटो सर्वांत गाजतो, कारण त्यात जबडा, सुळे आणि जीभ हे सगळे येते. घरी परतल्यावर त्याखाली ‘डरकाळी’ असे लिहितात. बिबट्या त्या वेळी केवळ कंटाळलेला असतो, हे ओळखणारे फार थोडे.

बिबट्या दिसलाच नाही, तर सांत्वनाची एक ठरलेली उतरंड आहे. प्रथम गाईड ढोलीतला पिंगळा दाखवतो. पिंगळा रोज त्याच ढोलीत असतो, म्हणून तो गाईडांचा लाडका पक्षी आहे. मग नीलगाय, मग मोर, मग मुंगूस, मग सूर्योदय किंवा सूर्यास्त. सूर्य दाखवायला सुरुवात झाली, की फेरी संपत आली असे समजावे. त्यानंतर शिस्तप्रमुख ‘खरं तर जंगल अनुभवणं महत्त्वाचं’ असे म्हणतो. बिबट्या दिसलेल्या जिप्सीत हे वाक्य कधीही उच्चारले जात नाही.

दर्शनानंतरच्या कथनाचाही स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. बिबट्या आणि जिप्सी यांच्यातले अंतर मुक्कामी पोहोचेपर्यंत निम्मे होते, गाव येईपर्यंत आणखी निम्मे आणि दिवाळीच्या फराळापर्यंत हातभर उरते. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो जातो. त्यात लाल वर्तुळ काढलेले असते, कारण वर्तुळाशिवाय तो झुडपाचा फोटो ठरतो. नातेवाईक ‘वा, मस्त!’ असे लिहितात. त्यांनाही पाचव्या प्रवाशाचीच परिस्थिती भोगावी लागत असते.

या सगळ्या खटाटोपात मराठी पर्यटकाची एक विशेष अडचण आहे. तो ज्या प्राण्यासाठी जयपूरला जातो, तो पुष्कळदा त्याच्या घराच्या मागे राहतो. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. २०१८ च्या अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे आढळले होते, आणि बिबट्यांची एवढी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. त्या उद्यानात जाळीच्या गाडीत बसून कुंपणातले वाघ-सिंह पाहण्याची सोय आहे. त्या कुंपणाबाहेर मोकळे बिबटे विनातिकीट हिंडत असतात. बोरिवलीचा रहिवासी झालानाहून हात हलवत परततो, त्याच रात्री त्याच्या सोसायटीच्या आवारात बिबट्या येऊन जातो आणि सीसीटीव्हीत त्याची संपूर्ण कूस, मुख आणि चालण्याची ढब उत्तम टिपली जाते. त्या कॅमेऱ्याला फोकसची अडचण येत नाही आणि त्याने खाकी टोपीही घातलेली नसते.

बिबट्या किती चालू शकतो, हे ‘आजोबा’ नावाच्या नराने दाखवून दिले. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका विहिरीतून त्याला काढले, वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी त्याच्या गळ्यात माग दाखवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. तिथून तो महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या या उद्यानापाशी पोहोचला. वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही. वाटेत तो फारसा कोणाला दिसलाही नाही, आणि दर्शनशास्त्राच्या दृष्टीने हा भाग अधिक बोधप्रद आहे. पुढे त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला. तो तिकीट काढून पाहणाऱ्या प्रत्येकाला बिबट्या दिसला.

जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेर या भागांत तर गणितच उलटे आहे. धरणांचे पाणी आले, ऊस आला. ऊस वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, उभा राहतो. आत गारवा, जवळ पाणी, भोवती कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला यापलीकडे जंगल कशासाठी हवे? अकोल्याच्या शेतशिवारात अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले, तेही दाट लोकवस्तीत. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. ऊसतोडणीच्या दिवसांत सरीत पिल्ले सापडतात. वनविभागाची माणसे ती संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्री बहुधा आई येऊन त्यांना घेऊन जाते. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. वर दिलेली देशाची गणना प्रामुख्याने जंगलांतली असल्यामुळे उसातल्या या बिबट्यांचा तिच्यात पुरता हिशेबही नाही.

इथे मात्र विनोदाने दोन पावले मागे सरकावे. या भागांत माणसे दगावली आहेत, मुलेही दगावली आहेत. वीज पुष्कळदा रात्री मिळते म्हणून शेतकऱ्याला अंधारात उसाला पाणी द्यायला जावे लागते आणि दिवसा वीज द्या, ही तिथली मागणी बिबट्यामुळेही आहे. राजस्थानात पैसे मोजून जे दर्शन घ्यायचे, ते टळावे म्हणून नारायणगावचा शेतकरी हातात बॅटरी आणि काठी घेऊन मोठ्याने बोलत चालतो. त्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. माणसाची चाहूल लागली, की बिबट्या बहुधा स्वतःच बाजूला होतो. जिप्सीतल्या मंडळींनी हीच पद्धत नकळत अंगीकारलेली असते, आणि परिणामही तोच होतो.

एकंदरीत पाहता या व्यवहारात पाहण्याचे काम बरेचसे बिबट्याच करतो. जिप्सी गेटातून शिरते तेव्हापासून तिचा आवाज, वास आणि माकडटोपी त्याला माहीत असते. सहा माणसे त्याच्यापासून पन्नास फुटांवरून पिंगळा पाहत पुढे जातात तेव्हा तो झुडपात बसून कान टवकारतो आणि पुन्हा मान टेकतो. त्याच्या दृष्टीने माणूस हा दुर्मिळ प्राणी नाही. तो रोज दोन वेळा, ठरलेल्या वाटेने, हमखास दिसतो.

ज्यांना हे सर्व समजूनही जायचे असेल त्यांनी शक्यतो उन्हाळ्यात जावे, कारण तेव्हा पाणवठे मोजके उरतात आणि झाडी विरळ होते. जिप्सीतून खाली उतरू नये, फ्लॅश मारू नये, चालकाला जवळ जाण्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. वानराच्या कॉलकडे लक्ष द्यावे, सांबराच्या कॉलवर विश्वास ठेवावा आणि लहान मूल काही म्हणत असेल तर आधी तिकडे पाहावे. चिवडा मुक्कामी ठेवावा. मूळ ओळखपत्र सोबत न्यावे. बिबट्या न दिसल्यास शुल्क परत मिळत नाही.